शहीद चालतो, परतलेला चालत नाही

२६ जुलै जवळ आला की आमच्या शाळेत कारगिल विजय दिवसाची तयारी सुरू होते. फलक लिहायचा, एक गाणं बसवायचं आणि पाच-सहा मुलांची भाषणं. भाषणं तपासायचं काम माझ्याकडे असतं, कारण शाळा उर्दू माध्यमाची आणि येणारे पाहुणे मराठी बोलणारे. इतक्या वर्षांत ती भाषणं मला तोंडपाठ झाली आहेत. त्यात १९४८ साली झांगरला धारातीर्थी पडलेले ब्रिगेडियर उस्मान असतात. १९६५ साली खेमकरणच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता गेलेले हवालदार अब्दुल हमीद असतात. शेवटी 'ही माती आमच्याही रक्तानं भिजली आहे' अशा अर्थाचं एक वाक्य असतं. ते बहुतेक वेळा मीच घातलेलं असतं.

यंदा नववीतल्या एका मुलीनं भाषणाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "टीचर, यात सगळे मेलेलेच का आहेत? लढाईवरून परत आलेला एकपण का नाही?"

मी म्हटलं, "पाच मिनिटांचं भाषण आहे, त्यात सगळं बसत नाही." ती गेली. उत्तर खोटं होतं, हे तिलाही कळलं असावं. परत आलेल्या एका जवानाची गोष्ट मला २००४ पासून माहीत आहे. ती कोणत्याही भाषणात का बसत नाही, तेही माहीत आहे.

मेरठ जिल्ह्यातला एक मुसलमान जवान. सैन्याच्या इंजिनिअर्स दलात सॅपर. १९९९ मध्ये त्याचं लग्न झालं आणि दहा-बारा दिवसांतच कारगिलचं बोलावणं आलं. तो गेला आणि नाहीसा झाला. मृतदेह मिळाला नाही, पत्र नाही, निरोप नाही. सैन्याच्या कागदावर त्याच्या नावापुढे शेरा पडला: भगोडा. नवी नवरी माहेरी बसली. वर्षं गेली. २००३ मध्ये घरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. ऑगस्ट २००४ मध्ये पाकिस्ताननं त्याला सोडलं. इतकी वर्षं तो तिथल्या तुरुंगात होता. तो घरी आला तेव्हा त्याची बायको दुसऱ्याच्या घरी होती आणि तिला दिवस गेले होते.

दोघांची नावं तेव्हा सगळ्या देशाला पाठ होती. मी ती लिहिणार नाही. ती खूप वापरून झाली आहेत.

पुढचं तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. गावात पंचायत बसली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून एका वृत्तवाहिनीनं पहिला नवरा, दुसरा नवरा, बाई, नातेवाईक आणि मौलाना अशा सगळ्यांना स्टुडिओत बसवून थेट प्रक्षेपण केलं. ही बाई कुणाची, हा प्रश्न. पहिल्या नवऱ्यानं तलाक दिलेला नाही, म्हणून पहिलाच निकाह कायम आहे, असा निवाडा झाला. ती पहिल्याकडे गेली. त्या बाळाचं काय करायचं, त्यावरही चॅनेलवर खल झाला. बाळ झालं. जानेवारी २००६ मध्ये, आजारपणात, दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ती वारली.

मी तेव्हा बी.एड. होऊन नुकती नोकरीला लागले होते. सासरी, पुढच्या खोलीत, आम्ही सगळ्यांनी ते प्रक्षेपण पाहिलं. सासूबाई, दीर, नणंद, शेजारच्या खाला. चहा झाला, पुन्हा चहा झाला. प्रत्येकानं निकाल दिला. मीही दिला. मी म्हणाले, "पहिल्याचाच हक्क." एखाद्या प्लॉटबद्दल बोलावं तशी मी बोलले. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात होती, ती मध्येच उठून आत गेली. रात्री भांडी घासताना तिनं मला एवढंच विचारलं, "भाभी, तिला तिथं किती वेळ बसवून ठेवलं होतं हो?"

त्या प्रश्नाची लाज मला आज वीस वर्षांनंतरही वाटते. म्हणून आज जो हिशेब मांडते आहे, त्यात मी स्वतःला बाहेर ठेवत नाही.

पहिला हिशेब 'भगोडा' या शब्दाचा. लष्करी कायद्याच्या १०६ व्या कलमात तरतूद आहे. जवान परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिला की चौकशी बसते, आणि तो हजर झाला नाही किंवा सापडला नाही तर त्याला पळालेला समजलं जातं. सैन्य शिस्तीवर चालतं, हे मला मान्य आहे. रजेवर गेला आणि परतलाच नाही अशा माणसासाठी हा नियम ठीक आहे. पण हा जवान रजेवरून नव्हे, तर युद्धाच्या आघाडीवरून नाहीसा झाला होता. समोर शत्रू होता, डोंगर होता, बर्फ होतं. अशा वेळी 'बेपत्ता' हा शब्द उपलब्ध असतो. तो खरा असतो, कारण आम्हाला माहीत नाही एवढंच तो सांगतो. 'भगोडा' म्हणजे आम्हाला माहीत आहे, असा दावा. तो दावा खोटा निघाला.

त्या दाव्याची किंमत घरच्यांनी मोजली. युद्धात कामी आलेल्याच्या घरी जे मिळतं, ते भगोड्याच्या घरी मिळत नाही. पैसा तर नाहीच, मानही नाही. गल्लीत लोक सांत्वनाला येत नाहीत, कारण सांत्वन कशाचं करायचं तेच ठरत नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, नाहीतर माझ्याच बाजूचे काही लोक हा लेख चुकीच्या कामाला लावतील. तो मुसलमान होता म्हणून त्याला भगोडा ठरवलं, असं मी म्हणत नाही. त्याच्याबरोबर पंजाबचा एक शीख जवान असाच नाहीसा झाला होता, त्याच्यावरही हाच शिक्का बसला होता आणि दोघं एकत्रच सुटून आले. शिक्का मारणाऱ्या हातानं धर्म पाहिला, याला पुरावा नाही.

पण शिक्का एकदा बसला की तो वाचणारे डोळे वेगवेगळे असतात. शीख जवानाच्या घरावर भगोडा हा शब्द पडला तर लोक म्हणतील, पोरगा घाबरला असेल. आमच्या घरावर तोच शब्द पडला की पुढचं वाक्य आपोआप तयार होतं: तिकडेच गेला असेल. हे वाक्य कुणी उच्चारावं लागत नाही. क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आपल्या चेहऱ्याकडे कोण कसं बघतं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ज्यांनी अनुभवलेलं नाही, त्यांनी एकदा आपल्या शेजारच्या मुसलमान मित्राला विचारावं.

आता दुसरी बाजू. मघाशी भाषणांबद्दल बोलले. आपण मुसलमान लोक उस्मान आणि अब्दुल हमीद यांची नावं कशी घेतो ते पाहा. कुणी आपल्या निष्ठेवर बोट ठेवलं की आपण खिशातून कार्ड काढावं तशी ही दोन नावं काढतो. त्या माणसांच्या शौर्याबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच त्यांचा असा वापर मला सलतो. या वापरात आपण एक अट मुकाट्यानं मान्य करून टाकली आहे: मुसलमान जवान मेला, तरच त्याची खात्री पटते. मेलेला माणूस प्रमाणपत्र होतो. जिवंत परतलेला माणूस आपल्यालाही अडचणीचा वाटतो. तो तुरुंगात काय बोलला असेल, कुणाला काय सांगितलं असेल, त्याला इतकी वर्षं जिवंत का ठेवलं असेल, हे प्रश्न आपल्याही मनात येतात. आपण ते बोलत नाही, फक्त त्याला भाषणात घेत नाही.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये स्टालिननं काढलेल्या २७० क्रमांकाच्या आदेशानं शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांना पळपुटे ठरवून त्यांच्या कुटुंबीयांच्या अटकेची तरतूद केली. युद्ध संपल्यावर जर्मनांच्या छावण्यांतून जगून आलेल्या सोव्हिएत सैनिकांना आपल्याच देशाच्या तपासणी छावण्यांतून जावं लागलं. तू मेला का नाहीस, हा प्रश्न परतलेल्या सैनिकाला सगळीकडे विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा घरी बसलेले असतात.

मराठी माणसानं हे जरा जास्त समजून घ्यायला हवं, कारण अशा माणसासाठी आपल्या भाषेत एक शब्दच आहे: तोतया. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण मनाची खात्री पटेना. पुढे एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. त्याच्यामागे लोक जमले, बंड झालं. अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. म्हणजे परतणाऱ्यावर संशय घेणं दर वेळी चूकच असतं, असं नाही. तो माणूस खोटा होता. पण पुणे दरबारानं त्याची ओळख पटवायला चौकशी केली, भाऊंना जवळून पाहिलेली माणसं विचारली. संशय घ्या, पण तपास करा आणि तपास संपला की संशयही संपवा, एवढी साधी गोष्ट पेशवाईतल्या लोकांना कळत होती.

त्याच गोष्टीत पार्वतीबाई आहेत. भाऊंच्या पत्नी. त्यांनी वैधव्य मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. १७८३ मध्ये वारल्या, तोपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्या काळच्या पुण्यात, त्या काळच्या ब्राह्मण घरात, नवरा मेला की जिवंत आहे याचा निर्णय एका बाईनं स्वतःपुरता केला आणि लोकांनी तो चालू दिला. अडीचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. २००४ मध्ये आपण मात्र एका गरोदर बाईला कॅमेऱ्यासमोर बसवून तिच्या दोन्ही बाजूंच्या पुरुषांना विचारत होतो.

आणि आता आपल्या मौलानांचा हिशेब. इथे मला शांत राहणं अवघड जातं, कारण मी शरियतच्या विरोधात बोलते आहे असं म्हणणारे तयारच असतात. मी शरियतमधूनच बोलते आहे.

ज्याची खबर नाही अशा माणसाला फिकहमध्ये 'मफकूद' म्हणतात. त्याच्या बायकोनं किती थांबायचं, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. जुनं हनफी मत असं की नवऱ्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत तो जिवंतच समजायचा. म्हणजे बाईचं आयुष्य संपलं. मालिकी मताचा आधार हजरत उमर यांच्याकडून आलेला निर्णय: चार वर्षं थांबावं, मग चार महिने दहा दिवस इद्दत, मग ती मोकळी. हिंदुस्थानात हनफी बायकांची कोंडी इतकी वाढली की नवऱ्यापासून सुटायला काही बायका धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी, म्हणजे कट्टर हनफी देवबंदी आलिमांनी, मदिनेच्या मालिकी आलिमांकडून फतवे मागवून 'अल-हीलतुन नाजिझा' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातून पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. इंग्रजांनी लादलेला नव्हे, आपल्याच उलेमांनी वाट करून दिलेला कायदा.

तो कायदा काय म्हणतो? नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाई न्यायालयात जाऊन निकाह रद्द करून घेऊ शकते. नवऱ्याच्या वारसांना नोटीस जाते, चुलता आणि भाऊ असतील तर त्यांना पक्षकार करावंच लागतं. हुकूम झाला तरी तो सहा महिने लागू होत नाही. त्या मुदतीत नवरा स्वतः आला किंवा त्यानं अधिकृत माणूस पाठवला आणि तो संसार करायला तयार आहे असं न्यायालयाला पटलं, तर हुकूम रद्द होतो. परतणाऱ्यासाठी कायद्यानं सहा महिने दार उघडं ठेवलं आहे, आणि थांबणाऱ्या बाईला चार वर्षांनंतर बाहेर पडायलाही दार दिलं आहे. याहून नीट विचार केलेला कायदा मला दाखवा. ज्या पुरावा कायद्यावर देशातली बाकीची माणसं अवलंबून होती, तो मृत्यू गृहीत धरायला सात वर्षं मागत होता.

मग १९९९ ते २००३ या काळात त्या मुलीला न्यायालयाची पायरी कुणी दाखवली? ती खटला भरती तर न्यायालयानं सैन्याला विचारलं असतं की हा माणूस नेमका कुठे आहे. कदाचित त्यातूनच तो जिवंत असल्याचं लवकर बाहेर आलं असतं. ते झालं नाही. घरच्यांनी, बिरादरीनं, लग्न लावणाऱ्यांनी आपसात उरकलं. आणि तो परत आला तेव्हा निकाहनामा कच्चा राहिल्याची सगळी शिक्षा तिच्या पदरात टाकली. ज्या मौलानांनी कॅमेऱ्यासमोर निवाडा दिला, त्यांतल्या एकानं तरी आधीच्या चार वर्षांत तिच्या दारी जाऊन हा कायदा सांगायला हवा होता. कॅमेरा आल्यावर शरियत आठवते, त्याआधी का नाही?

बरीराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गुलामीतून सुटल्यावर तिनं आपल्या नवऱ्याबरोबर राहायला नकार दिला. मुगीस बिचारा मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरायचा. रसूलुल्लाहंना (स.) त्याची दया आली, त्यांनी तिला परत जाण्याबद्दल सुचवलं. तिनं विचारलं की हा हुकूम आहे का. नाही, मी फक्त शिफारस करतो, असं उत्तर मिळालं, तेव्हा तिनं नम्रपणे नकार दिला. आणि तो नकार मानला गेला. पैगंबरांची शिफारस नाकारायचा अधिकार ज्या धर्मानं एका नुकत्याच मुक्त झालेल्या गुलाम बाईला दिला, त्या धर्माच्या नावानं पंचायतीची शिफारस एका गरोदर बाईवर हुकूम म्हणून लादली गेली.

या सगळ्यात तो जवान कुठे राहिला? त्याच्यावरही अन्याय झाला, हे आम्ही बाईची बाजू घेणारे लोक पटकन विसरतो. पाच वर्षं तुरुंगात काढून तो आला. मी पाहिलेल्या त्या तास-दोन तासांत त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: ठेवणार की सोडणार? तुला तिथे काय खायला देत होते, मारत होते का, रात्री झोप लागते का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत घरी कार्ड लिहू द्यावं लागतं. पाकिस्तानची त्या करारावर सही आहे. ते एक कार्ड वेळेवर मेरठला पोचलं असतं, तर भगोडा हा शब्द टिकला नसता आणि दुसरं लग्नही झालं नसतं. दोन घरं आणि एक जीव वाचला असता. इतक्या चर्चेत त्या कार्डाबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. त्याच्यावर झालेला अन्याय कुणाकुणाकडून झाला, हे शोधण्यापेक्षा त्याची बायको त्याला परत देऊन टाकणं सगळ्यांना सोपं गेलं. जणू बाई ही सरकारनं द्यायची राहिलेली भरपाई.

माझं म्हणणं एवढंच आहे. परत आलेल्या सैनिकावर संशय घेतला जातो तो बहुधा त्याच्या वागण्यामुळे नसतो. आपण त्याची फाइल फार लवकर बंद केलेली असते आणि तो दारात उभा राहिला की ती चूक उघडी पडते. सैन्याला शिक्का मागे घ्यावा लागतो, बिरादरीला निकाहनामा दाखवावा लागतो, शेजाऱ्याला आपलं कुजबुजणं आठवतं. त्यापेक्षा त्यालाच प्रश्न विचारत राहणं बरं वाटतं.

आता त्या मुलीकडे परत येते. दोन दिवसांनी मी तिला बोलावून ही गोष्ट थोडक्यात सांगितली. तिनं घरी जाऊन आठ ओळींचा परिच्छेद लिहून आणला, साध्या मराठीत, दोन चुका वगळता छान. मी तो भाषणात घातला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वरून निरोप आला: "भगोडा वगैरे शब्द कशाला? तेही आपल्या शाळेत?" 'आपल्या शाळेत' या दोन शब्दांत काय काय होतं, ते सांगायला नको. मी वाद घातला नाही. लाल पेन घेतलं आणि परिच्छेद कापला. मुलीनं उस्मान आणि अब्दुल हमीद यांच्यावर भाषण केलं, टाळ्या मिळाल्या, पाहुण्यांनी तिच्या मराठीचं कौतुक केलं.

म्हणजे २००४ मध्ये सासरच्या खोलीत जे केलं, तेच मी यंदा पुन्हा केलं. परत आलेल्याला मीच बाहेर उभं केलं.

तो कापलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या जुलैला ती दहावीत असेल. तिची तयारी असेल तर तो परिच्छेद ती वाचेल, आणि वरून निरोप आला तर उत्तर द्यायला या वेळी मी जाईन.